बँकॉकले प्रॉम्प्टर पाहिजे

बँकॉक,
वर्षावास संपाले चार दिवस बाकी.

आदरणीय वामनराव मामाले भाचा राजदीपचा दुरून, पण कमरेत वाकून जयभीम. घरच्या लहानमोठ्यायले, कंपनीतल्या समद्या कलाकारायले, पेटीमास्तरले अन् ट्रकच्या ड्रायव्हरले बी जयभीम, नमस्कार, ज्याले जो चालते तो.

(सत्यशीला मामी, मामानं माहा नंबर ब्लॉक केला हाये. म्हणून हे पत्र कागदावर लिहून, त्याचे फोटो काढून तुह्या मोबाइलवर धाडून राह्यलो. मामा सकाऊन अंगणात खुर्ची टाकून बसतेत तवा मोठ्यानं वाचून दाखवजो. कंसातलं तेवढं मनात वाचजो. ते उठून जाले लागले तर चहा पुढं करजो, चहा सोडून मामा उठत नाई.)

मामा, तुमची तब्येत कशी हाये? गुडघा? शुगर? अन् मुख्य म्हणजे गळा? सीझन तोंडावर आला, तवा मिरे अन् खडीसाखर चालू झाली असन. यंदा किती तारखा बुक झाल्या हे मी विचारत नाई, मले तो अधिकार राह्यला नाई. मी इथी मजेत हाये. (मजेत नाई, मामी. पण जेवण भेटते.)

पहिलेच सांगून ठेवतो, हे पत्र मी काई मागाले लिहून नाई राह्यलो. प्रॉम्प्टरच्या खुर्चीवर तुम्ही गोपालले बसवलं असं मामीकडून समजलं. लय चांगलं केलं. गोपालचा आवाज असा हाये का राजुऱ्याच्या बसस्टँडवर फुटाणे विकले तर तेलंगणातले गिऱ्हाईक उतरून येतीन. (त्याले वाचता येते का, हे कोनी तपासलं का?) मले त्या खुर्चीचा मोह नाई. मी लेखक माणूस. चार सीझन विंगेत बसून दुसऱ्यायचे संवाद पुटपुटलो, आता स्वतःचं लिहीन, असं मनाशी पक्कं करूनच मी घरून निघालो होतो.

फेब्रुवारीतल्या गोष्टीचा विषय काढाचा नाई असं ठरवलं होतं. पण पत्र लांब हाये अन् विषय कमी हायेत, तवा काढतो. कुरखेड्याकडच्या त्या गावात तुमचं ते बाप-लेकीचं नाटक चालू होतं. दुसऱ्या अंकात बाप बारा वर्सांची जेल भोगून येते, लेक दार उघडते अन् बापाले वळखत नाई. तिथी तुमचं वाक्य हाये: "पोरी, तुह्या बापाले वळखलं नाई का?" ह्या वाक्यावर बाया पदर डोळ्याले लावतेत, हे चार सीझन पाह्यलेलं. त्या दिवशी तुम्ही दारात आले अन् थांबले. वाक्य आलंच नाई. तुम्ही डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेकडं पाह्यलं. वही माह्या मांडीवर उघडी होती. बोट त्याच ओळीवर होतं. अन् मामा, मी वाक्य देल्लं नाई. झोपलो नव्हतो, मोबाइल पाहत नव्हतो. दोन हजार लोक एकदम चूप झाले होते, अन् मले वाटलं, हेच! हेच ते! कॉलेजात आमचे सर ज्या शांततेवर तीन तीन घंटे बोलत, ते माह्या मामाच्या तोंडून (म्हणजे न उघडलेल्या तोंडून) निघाली होती. ते मोडाची हिंमत झाली नाई. तेवढ्यात मागून कोनीतरी वरडलं, "वामनभाऊ, डोळा लागला का?" दुसरा म्हणे, "प्रॉम्प्टरले चाय पाजा रे!" अन् तुम्ही घाबरून तुमच्या हवालदाराच्या नाटकातलं वाक्य ठोकलं: "हात वर कर, तुह्या नावाचं वारंट हाये!" बिचाऱ्या रिनानं, लेकीचं काम करून राह्यली होती ना ते, खरंच हात वर केले. पेटीमास्तरनं दोन सूर धरले अन् सोडून देल्ले. बापानं लेकीले अटक केली तिथी दुसरा अंक संपला.

नाटक सुटल्यावर तोंडाचा रंग पुसता पुसता तुम्ही एकच बोलले. "शांततेले तिकीट लागत नाई बाबू, ते मसणात फुकट भेटते." तवापासून तुम्ही माह्यासंग बोलले नाई. आठ महिने झाले. मामीच्या मार्फत बोलता. ताटावर बसलो तर "याले विचार भात पाहिजे का." मी इतक्या दूर आलो त्याचं एक कारण हे बी होतं, का इथी कोनी बोललं नाई तर वाईट वाटणार नाई, भाषाच येत नाई.

आता दौऱ्याचं सांगतो. ज्या संस्थेनं मले अडीच महिन्यांसाठी धाडलं तिच्या कागदावर लिहिलं हाये: "फिरत्या रंगभूमीचा अभ्यास व स्थानिक सहकाऱ्यांच्या भेटी." सहकारी म्हणजे आपल्यासारखेच लोक, गावोगाव फिरून नाटक करणारे. व्हिएतनामात पाण्यात बाहुल्या नाचवणारे सहकारी भेटले, ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहून नाटक करतेत (आपले लोक चिखलातून ट्रक ढकलतेत तेच, फक्त तिकीट लावून). कंबोडियात चामड्याच्या बाहुल्यावाले भेटले. समद्यायले मी माह्या शांततेच्या सिद्धांतावर भाषण देल्लं. समद्यायनं ऐकून घेतलं अन् जेवू घातलं. सर्वात शेवटी बँकॉक. इथल्या सहकाऱ्यायचा खेळ हाये लिके. लिके म्हणजे त्यायचं झाडीपट्टीचं नाटकच समजा: चमचम कपडे, राजा-राणी, रडणं, हसणं, गाणं, अन् मंदिराच्या जत्रेत मांडव टाकून खेळ.

पण शहर, मामा! आपल्या वडशाच्या मंडईच्या जत्रेत जेवढी गर्दी वर्सातून एक दिवस होते तेवढी इथी प्रत्येक चौकात रोज हाये, अन् कोनी कोनाले धक्का मारत नाई, म्हणून मले चालताच येईना. धक्क्याशिवाय पाऊल कोणत्या बाजूले टाकाचं हे समजतच नाई. इथी नाल्यातून बोटी चालतेत, आपल्या एस.टी.सारख्या, कंडक्टरसकट. कंडक्टर बोटीच्या काठावरून हेल्मेट घालून पळते. पाणी उडू नये म्हणून बाजूले ताडपत्री असते अन् तिची दोरी ज्याच्या हाताशी येईन त्यानं वढून धराची, असा रिवाज. माह्या हाती दोरी आली तवा मी वहीत 'पाणी हे शहराचं मौन हाये' असं लिहून राह्यलो होतो. लिहाले दोन्ही हात लागतेत. माह्या मागं बसलेल्या बाईच्या आंगावर शहराचं मौन बदाबद पडलं. ते जे बोलली ते समजलं नाई, पण त्याच्यात मौन काईच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता एका बागीच्यात होतो. पोट्टे-पोट्ट्या पळत होते, बुढे व्यायाम करत होते. अन् एकाएकी समदे थांबले. पळणारा पाय अर्ध्यात रोखून सरळ उभा. मी म्हटलं वा रे वा, काय प्रयोग हाये! एवढा मोठा समूह, दिग्दर्शक कुठीच दिसत नाई! मी एकेकाच्या तोंडापुढं जाऊन चेहरे पाह्यले, एका बुढ्याच्या भवताल गोल फिरलो, अन् संपल्यावर टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. मंग समजलं का रोज सहाले राष्ट्रगीत लागते. (मामी, तिथल्या पोलिसायनं माहं नाव लिहून घेतलं नाई. फक्त पाह्यलं.)

आता सहकारी. मले वाटलं होतं बँकॉकचे रंगकर्मी म्हणजे कुठीतरी अंधाऱ्या खोलीत सिगारेटी फुंकत बसले असतीन. गल्लीतल्या लाकडी घरात गेलो तर नऊ माणसं जमिनीवर बसून कपड्यायले टिकल्या शिवून राह्यली होती, अन् एक सत्तरीचा माणूस हाफपँटवर लसूण सोलत बसून होता. तो कंपनीचा मालक, राजाचं काम करणारा, लुंग प्रासित. लुंग म्हणजे मोठेबाबा. त्याची लेक नोई, चाळिशीची, राणीचं काम करते अन् समद्या कंपनीले वरडते. त्यायनं विचारलं, तुमच्याकडं काय पिकते. म्हटलं, धान. बस, सोयरीक जमल्यासारखे खूश झाले, अन् माह्यापुढं भाताचा डोंगर आला.

बोलणं मोबाइलवरून. ह्या मोबाइलले आपली भाषा समजत नाई मामा, "मले भूक लागली" म्हटलं तर तो गप बसते. त्याच्यासंग पुण्यावाल्यासारखं बोला लागते अन् तो बी तसाच बोलते. नोई हातवारे करून, माशाचं ताट माह्याकडं ढकलत चार घरं ऐकतीन एवढ्या जोरानं काईतरी म्हणे, अन् मोबाइलमधून बातम्या देणारी बाई बोले, "आपण कृपया आणखी थोडे ग्रहण करावे." मी चाळीस मिनिटं शांततेवर भाषण देल्लं. लुंग बसल्या जागी घोरत होता. नोई म्हणे (मोबाइलच्या तोंडून), "आपले विचार सुंदर आहेत. मासा थंड होत आहे."

इथी एक गोष्ट समजली. ह्या लोकायजवळ वही नाई! संवाद लिहिलेलेच नाई. खेळाच्या आधी लुंग तोंडाले रंग लावता लावता गोष्ट सांगते: आज राजा जंगलात हरवते, राणी दुसऱ्याच्या घरी धान कांडते, शेवटी भेट. बाकी ज्यानं त्यानं उभ्या उभ्या जुळवाचं, गाण्यासकट. मी विचारलं, प्रॉम्प्टर कुठी बसते? मोबाइलले तीन वेळा विचारावं लागलं. नोई म्हणे, "तो कशासाठी असतो?" मामा, आपल्याकडं कलाकार एकदा संवाद विसरते, पण प्रॉम्प्टरचा चहा विसरत नाई, अन् इथी हा प्रश्न!

पहिला खेळ पाहाले मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. भिक्खूयचा पावसाळ्यातला वर्षावास पुनवेले संपते, तो संपत आला म्हणून बुद्धविहारापुढं जत्रा भरली होती. तळलेले केळं, फुगे, पाळणा, समदं आपलंच. पडद्यावर धबधबा अन् हरणं. लुंग मुकुट घालून आला अन् पाहा मामा, लसूण सोलणारा माणूस कुठी गेला समजलंच नाई, राजाच उभा होता. दोन कडवे म्हटले. मंग थांबला.

मले पहिले वाटलं, आहा. मंग पाह्यलं तर त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेकडं पाह्यलं. तिथी कोनीच नव्हतं. तिथी खुर्चीच नव्हती. ते नजर मी वळखतो. अन् माहं तोंड मले न विचारता उघडलं, पुरा प्रॉम्प्टरचा गळा लावून: "पोरी, तुह्या बापाले वळखलं नाई का?"

पुरी जत्रा माह्याकडं वळली. फुग्यावाला बी. मी खुर्चीखाली जाचा रस्ता पाहून राह्यलो होतो, पण लुंगनं एक हात कानामागं धरला, जसं काई जंगलातून आवाज आला, अन् डोलत डोलत गाणं धरलं. न थांबता. पब्लिकले वाटलं वनदेवता बोलली. टाळ्या!

पडदा पडल्यावर नोईनं माहं मनगट धरून मले आत नेलं. वाटलं आता हाणते. तिनं मले धबधब्याच्या पडद्यामागं बर्फाच्या पेटीवर बसवलं अन् मोबाइलमधून सांगतलं, "आपण इथे बसावे. वडील थांबले की बोलावे." मंग मोबाइलचा आवाज बारीक करून, अर्धं मोबाइलनं अन् अर्धं हातानं समजावलं. लुंग वर्सभरापासून अडकून राह्यला हाये. समदे मिळून झाकून नेतेत. पण जत्रेची कमिटी तक्रार करून राह्यली, अन् पुनवेच्या मोठ्या खेळात बाप अडकला तर मुकुट उतरवाचा असं नोईनं ठरवलं हाये. मुकुट उतरवाची खूण करताना तिनं स्वतःचं डोकसं धरलं अन् लय वेळ सोडलं नाई. बापाले हे अजून माहीत नाई. (मामी, इथी थोडी थांबजो. मामा काय म्हणतेत ते पाहजो. काई म्हणत नसतीन तर पुढं वाच.)

तर मामा, मी नऊ दिवसांपासून बँकॉकच्या एका कंपनीत प्रॉम्प्टर हाये. संस्थेले कळवलं नाई. बर्फाच्या पेटीवर बसून बसून काय काय सुन्न झालं ते पत्रात लिहाची गोष्ट नाई. लुंग थांबला का मी बोलतो. मराठीत. त्याले एक अक्षर समजत नाई, मले त्याचं समजत नाई, पण मागून माणसाचा आवाज आला का त्याचं गाडं चालू होते. अन् बोलतो काय? तुमचं ते बाप-लेकीचं नाटक. ज्याले मी कॉलेजच्या मासिकात 'अश्रूंचा कारखाना' म्हटलं होतं (मामानं तो अंक वाचला नसन तर हे वाक्य गाळजो). तेच पाठ होतं, काय करू?

खोटं कायले बोलू, चौथ्या दिवशी मी माहं स्वतःचं नाटक वापरून पाह्यलं. संधी चांगली होती, पहिला प्रयोग परदेशात झाला असता. लुंग थांबला. मी वही उघडली. माह्या नाटकाच्या पहिल्या पानावर लिहिलं हाये: 'शांतता.' खाली: 'दीर्घ शांतता.' खाली सहा टिंबं. मंग एक पात्र म्हणते, 'हं.' मामा, मी "हं" म्हटलं. लुंग तसाच उभा. मी पान उलटलं, तिथी बी टिंबंच. बाहेर एक लेकरू रडाले लागलं. शेवटी नोईनं मांजरीसारखी उडी मारून स्टेजवर येऊन राजाले वढत नेलं. राणी राजाले पळवून नेते असा शेवट त्या दिवशी पहिल्यांदाच झाला. दुसऱ्या दिवशी लसूण सोलता सोलता लुंगनं मोबाइल तोंडाशी धरला. "काल जो गृहस्थ मागे बसला होता तो आजारी होता काय? त्याला बोलावू नका. ज्याची मुलगी हरवली आहे, त्याला बोलवा."

त्याले वाटते तिथी दोन माणसं हायेत. एक मी, अन् एक, नुसत्या सुरावरून त्यानं वळखलेला, ज्याची पोरगी हरवली तो. म्हटलं, ते शब्द माह्या मामाचे हायेत. त्यानं विचारलं, मामा कोणत्या दिशेले राहतेत. मी हात दाखवला (मंग पाह्यलं तर तिथी कोल्ड्रिंकचं दुकान होतं, पण त्याच्या पुढं गेलं तर भारतच लागते). त्यानं हाफपँटवरच दोन्ही हात जोडून त्या दिशेले नमस्कार केला. लसणाच्या हातानं. मी मोबाइल बंद करून ठेवला, कारण पुढं काय बोलाचं ते पुण्याच्या भाषेत मले येईना.

बाकी समदं ठीक हाये. पुनवेचा खेळ झाला का दुसऱ्या दिवशी माहं विमान हाये. वडशाले येईन तवा मागच्या दारानं येईन, तुम्हाले त्रास देणार नाई. मामीनं भात विचारला तर तिलेच सांगन.

तुमच्या नाटकाचा चोर अन् भाचा,
राजदीप

ता.क. १: वर लिहिलं होतं का काई मागाले लिहून नाई राह्यलो. ते लिहिलं तवा खरं होतं. मामा, मले तिसरा अंक पाहिजे. पहिला अन् दुसरा नऊ दिवसांत सरला. मी म्हटलं कोनाले काय समजते, पहिला पुन्हा चालू करतो, तर लुंगनं स्टेजवरूनच पडद्याकडं मान वळवून नाक मुरडलं. अर्थ समजत नाई पण कान तिखा हाये, एकदा ऐकलेलं वाक्य पुन्हा घेत नाई. पुनवेचा खेळ शनिवारी हाये. तिसऱ्या अंकाशिवाय त्याचा मुकुट राहत नाई.

ता.क. २: तुम्ही विचारान, चार सीझन त्या नाटकाले प्रॉम्प्ट केलं, मंग तिसरा अंक पाठ कसा नाई? मामा, तिसऱ्या अंकात मी झोपत होतो. चारही सीझन. त्या अंकात बाप एकटाच पाऊण घंटा बोलते, अन् तिथी तुम्ही कधीच अडकत नव्हते. तुमचा आवाज सुरू झाला का मले विंगेत अशी झोप लागे, जशी लहानपणी तुमच्या सायकलवर समोर बसून लागत होती. टाळ्या पडल्या का जागा होऊन वही मिटत होतो. फेब्रुवारीत जागाच होतो, वाक्य बोटाखाली होतं, अन् देल्लं नाई. ते झोपण्यापेक्षा वाईट होतं, हे मले बर्फाच्या पेटीवर समजलं.

ता.क. ३: मामी, हे बी मोठ्यानं वाच. गोपालकडून वहीचे फोटो मागवू नको. लुंगले कागद लागत नाई, आवाज लागते. तुह्या मोबाइलमध्ये माह्या नावासमोर ते माइकचं चित्र हाये ना, ते दाबून मोबाइल मामाच्या पुढं धर. आवाज भरून माह्याकडं येईन, अन् तोच मी पडद्यामागून लुंगले ऐकवीन. मामा, तुम्ही माह्यासंग बोलत नाई, नका बोलू. पोरीसंगच बोला, तिसऱ्या अंकात तिच्यासंगच बोलणं हाये. पाऊण घंट्याचा हाये, घाई नाई. मधात थांबले तर मी इकडून हायेच.

ह्या खेपेले जागा राहीन.